जमिनीवरून उठताना

प्रिय रुपेश,

सप्रेम जयभीम. एकाच घरात राहून आई पत्र लिहिते म्हणून हसशील. पण तोंडानं बोलायला गेले की तू आधी खुर्ची आणतोस, मग गोळी घेतली का विचारतोस, आणि तेवढ्यात तुझा फोन वाजतो. म्हणून तू ऑफिसला गेल्यावर आखातातल्या आपल्या या दार्सैतच्या घराच्या गॅलरीत बसून लिहितेय.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी तू आम्हाला बात नावाच्या गावाजवळची ती जुनी दगडी थडगी दाखवायला नेलंस. सूनबाई मैत्रीबरोबर अल खौदच्या विद्यापीठात शिकवणारी जमिला सोबत होती. ती जुन्या हाडांचा अभ्यास करते. तिचं बोलणं मैत्री मला मराठीत सांगत होती. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे दगड टेकडीवर वाहून आणले. पाणी लांबून आणायचं, धान्य दगडावर रगडायचं, शेळ्यांमागं डोंगर चढायचा, यातच त्यांचं अंग कमावलेलं. बायकांच्या दंडाची हाडंसुद्धा दणकट. तू म्हणालास, म्हणजे त्यांना जिम लागलीच नाही, आणि सगळे हसले. मी हसले नाही, कारण माझा हात आपोआप डोक्यावर गेला होता, चुंबळ नीट करायला.

त्या दिवसांचे गोडवे गात नाही मी. त्यातल्या पुष्कळांचे मणके आणि गुडघे झिजलेले सापडतात, हेही जमिलानंच सांगितलं. हौसेनं कुणी दगड वाहत नाही. दुष्काळी कामावर मीही पोटासाठीच वाहिले. तू बाभळीखाली लुगड्याच्या झोळीत निजलेला असायचास. हे ऐकतच मोठा झालास, म्हणून इथं आणल्यापासून माझ्या हातात काही राहू देत नाहीस. स्वतः रोज सकाळी जिममध्ये लोखंड उचलतोस आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतोस. कणीक मळायला बसले तर म्हणतोस, "आई, तुझं वाहून झालं. आता खलास." यात तुझी माया आहे, ती कळते मला. त्या मायेपुढं मी गप्प बसते, आणि बसूनच राहते.

परवाच्या पौर्णिमेला आपल्याकडे बुद्धवंदनेला सगळे जमले. मी गुडघे, हात, कपाळ जमिनीला टेकवून पंचांग प्रणाम केला आणि मला उठताच येईना. शेजारच्या तृप्तीनं धरलं तेव्हा उभी राहिले. तू लगेच म्हणालास, पुढच्या वेळी आईला खुर्ची ठेवू. रुपेश, मला त्या खुर्चीची फार भीती वाटली. टेकडी उतरताना जमिला म्हणाली होती, "हाड कामानं भरतं, आरामानं विरळ होतं." ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

तुला वाटेल, आईला गावी जायचंय. तसं नाही. मैत्रीला पाचवा महिना लागलाय. तुमचं बाळ उद्या रांगत माझ्यापाशी येईल आणि हात वर करील. तेव्हा कुणीतरी त्याला माझ्या मांडीवर आणून ठेवील म्हणून मी खुर्चीत वाट बघत बसायचं का? डोक्यावर पाटी असायची तरी मी वाकून तुला एका हातानं उचलून घ्यायचे. तेवढं बळ आता मागत नाही. पण त्याला जमिनीवरून मला उचलायचंय, माझ्याच हातांनी. त्यासाठी हे लिहिलं. आजपासून कणीक मी मळणार, खाली बसून. उठताना धडपडले तर तू नुसता जवळ उभा राहा. मी मागितला तरच हात दे.

तुझीच,
आई