माझ्या वेळी ग्रहण नव्हतं

मी, वैजयंती कुंडलिक वाघमोडे, जन्म १२ मार्च १९७०, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार जुळे सोलापूर, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे पाय अधू आहेत, डोकं नाही. शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून बघावा. मला कोणी धमकावलेलं नाही. उलट या कागदात मीच दोघातिघांना धमकावलं आहे.

कलम १. जन्मतःच माझ्या कमरेवर लिंबाएवढी पाण्याची गाठ होती. आतला मणका मागून मिटलाच नव्हता. डॉक्टर याला स्पायना बायफिडा म्हणतात, वेळापूरची माझी निंगूआत्या 'ग्रहणाचं पोर' म्हणते. तिने बारशालाच जाहीर केलं, "बजा ग्रहनात इळीवर बसली. तितं भाजी चिरली, हितं पोरीची पाठ चिरली." छप्पन्न वर्षं ती हेच सांगते आहे. माझी आई, बजाबाई, ग्रहण आलं की अजून हात मांडीवर ठेवून बसते. परवा मंगळवारीही बसली. पंच्याहत्तर वर्षांची बाई, सकाळपासून पाण्याचा घोट नाही. मला भयंकर राग आला आणि मी कागद घेऊन बसले. घरादाराचं नंतर, आधी आईचं.

कलम २. मी वाचनालयातून शके १८९१चं पंचांग आणून पाहिलं. माझ्या जन्माआधीच्या नऊ महिन्यांत सोलापुरातून दिसणारं एकही ग्रहण नाही. आणि असतं तरी काय? मणका गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत मिटतो. तोवर बाईला दिवस गेल्याचंही बऱ्याचदा कळत नाही. कधीकधी तो का मिटत नाही, याचं पूर्ण उत्तर डॉक्टरांकडेही नाही. विळीकडे तर नाहीच नाही. सबब माझी आई निर्दोष आहे. हे कलम कोणालाही बदलता येणार नाही, मलासुद्धा.

कलम ३. माझं स्वकष्टार्जित घर आईकडे हयातभर राहील. तिच्या पश्चात ते माझी भाची पिंकी हिचं. अट एकच. बाळाचा विचार मनात आला की, दिवस राहण्याआधीच, पिंकीने फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करावी. घरात मी झाले आहे, तेव्हा किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारावं. गोळी हमी देत नाही, पण धोका बराच कमी करते. एवढं करूनही माझ्यासारखी झालीच, तर पेढे वाटावेत. सासूने नाक मुरडलं तर तिला एक जास्त द्यावा.

कलम ४. दुकान आणि हत्यारं माझ्या हाताखाली दहा वर्षं काम केलेल्या रशीदाला. 'चहाला गेले आहे' ही पाटीही तिचीच. माझ्या मूत्राशयाला आपण भरलोय हे कळत नाही, म्हणून दर चार तासांनी नळी घालावी लागते. पाटी त्यासाठी होती. "लई च्या पिता बाई तुमी," म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांनी नोंद घ्यावी.

कलम ५. भाऊ आदिनाथ याने मला पाठुंगळी शाळेत नेलं आणि ते दर दिवाळीला ऐकवलं. त्याला माझे पायांना बांधायचे लोखंडी कॅलिपर. दोन दिवस घालून चालावं, मग बोलावं. तरी तो नसता तर मी शिकले नसते, हेही खरंच.

कलम ६. निंगूआत्याला काहीही नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला वाटा देऊ नये. म्हणून तिलाच साक्षीदार केलं आहे.

वरील मजकूर आत्याला आणि शेजारचे सुईदोरेवाले गैबीसाब यांना मोठ्याने वाचून दाखवला. आत्या म्हणाली, "पंचांगात बी चूक आसती की."

आई दारात उभी होती. तिने विचारलं, "ग्रहान नव्हतं, तर मग माजं काय चुकलं हुतं?"

आत्याने अंगठ्यासाठी ठेवलेली शाईची डबी ओढली. "कायबी न्हाय चुकलं, बजा. मीच लई बोलले तुला."

मी हे लिहिणार नव्हते. पण गैबीसाब म्हणाले, "लिखो बाई. बाद में मुकर जाते लोगां."

ठिकाण : सोलापूर
दिनांक : ८ मार्च २०२६

सही : वैजयंती कुंडलिक वाघमोडे

साक्षीदार १ : गैबीसाब मुजावर (सही)

साक्षीदार २ : निंगूबाई बिरुदेव कोळेकर, वय ब्याऐंशी. डाव्या अंगठ्याचे ठसे दोन : एक येथे, दुसरा तिने स्वतः मागून कलम २ समोर.