बांधीत पऱ्हाटी

आमगाव, जि. गोंदिया
दि. २१ सप्टेंबर २०२५

चि. दीप्तीस,
बाबाचा सप्रेम जयभीम.

तुझी आई बरी, मी बरा, म्हैस परवा व्याली आणि वगार झाली. धान पोटरीत आहे. खुशाली एवढ्यात आटोपतो, कारण आज माझ्याजवळ अशी बातमी आहे की पेन हातात ठरत नाही. पोरी, आपल्या बांधीतली पऱ्हाटी बोंडांवर आली! धानाच्या बांधीत कापूस! उदाराम आता रोज आपल्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर येऊन उभा राहतो. जूनमध्ये हाच शेजारी साऱ्या गावासमोर म्हणाला होता, "देवाजी, पोरगी कापसाची साहेबीण झाली म्हणून तू बी धान सोडून कापूस लावून राहिला का? चळ भरला का तुले?" काल तोच वाकून बोंडं मोजत होता.

तुझे अठरा वाफे मी पोटच्या लेकरांसारखे सांभाळले. सहा वाण, प्रत्येकाचे तीन वाफे. कोणता नंबर कुठे लावायचा हे तू चिठ्ठ्या काढून ठरवलंस, तेव्हा मी हसलो होतो. बियाण्याची का सोडत काढतात, असं म्हणालो होतो. आता हसत नाही.

तुझा चार नंबर काय देखणा आहे म्हणून सांगू! दोन वाफे तर बघत राहावेत असे आहेत. कमरेच्या वर गेलेत, एकेका झाडाला तीस-पस्तीस बोंडं. सात वर्षं तू या एका वाणासाठी उन्हात उभी राहिलीस, सणावाराला आली नाहीस, हे मला माहीत आहे. तुमच्या ऑफिसच्या ऑक्टोबरमधल्या बैठकीत काळ्या मातीला कोणता वाण द्यायचा आणि आमच्या ओल्या पट्ट्याला कोणता, ते ठरणार आहे. आमच्या पट्ट्यातला प्लॉट एकच, तो माझा. म्हणून तू दर चार दिवसांनी फोन करून विचारतेस, "बाबा, झाडांना मर आली का?"

मी दरवेळी "थोडीशी" म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला. तिला गुडघ्याचं सांगायचं आहे, असं म्हणालो. तिला काही सांगायचं नव्हतं. मलाच बोलायचं नव्हतं.

आता ऐक. गेल्या महिन्याच्या अखेरीपासून पावसानं बारा दिवस दडी मारली होती. धानाच्या बांध्यांना भेगा पडायच्या बेतात होत्या. पाच तारखेला मावळतीकडून काळं आभाळ आलं, तसं सारं गाव फावडी घेऊन शेतात धावलं. मीही धावलो. धुऱ्याचं तोंड बंद करायचं, पाणी अडवायचं. चाळीस वर्षं हेच केलं आहे, त्यासाठी विचार करावा लागत नाही. पहिली बांधी बुजवली, दुसरी बुजवली, तिसरी बुजवली, आणि त्याच ओळीत चौथीही बुजवली. चौथी तुझी होती. जिचं तोंड कधी बंद करू नका म्हणून तू मला दहादा बजावलं होतंस, ती.

पाऊस तीन दिवस पडला. मी खालच्या बांधीतले धुरे फुटतात ते बांधत राहिलो, वर फिरकलोच नाही. चौथ्या दिवशी गेलो तर पऱ्हाटी घोट्याएवढ्या पाण्यात, पानं लोंबलेली. मी तिथेच चिखलात बसलो.

धुऱ्याचं तोंड फोडलं, पाणी काढलं. मेलेल्या झाडाचं खोड तू शिकवलंस तसं उभं चिरून पाहिलं. आत तपकिरी रेघ असली तर मर रोग, असं तू सांगितलं होतंस. रेघ नव्हती. पंधरा झाडं चिरली, सगळी आतून पांढरी. रोग नव्हताच. मीच बुडवली होती.

आणि चार नंबरचे ते दोन वाफे देखणे का आहेत, तेही सांगतो. चिठ्ठीनं त्यांना बांधीचा उंच कोपरा मिळाला होता. तिथे पाणी पोचलंच नाही. तिसरा वाफा खाली होता. तो गेला.

खरी बातमी मात्र पुढेच आहे, आणि ती लिहिताना मला अजून धाप लागते. सहा नंबरचे तिन्ही वाफे पाण्यात होते, एक तर सगळ्यात खोल. त्यांनीही मान टाकली होती. वाफसा येताच मी मुळाशी माती मोकळी केली, आशा अशी काही नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी पाहतो तर शेंडे वर! आठवड्यात झाडं उभी, वर नवी पाती. बाकीच्या वाणांच्या पानांवर त्या ओलीनं करप्याचे डाग पसरले. सहा नंबरची पानं मी चष्मा लावून उलटीपालटी पाहिली. एक डाग नाही. तिन्ही वाफ्यांत नाही.

मी घरी पळत आलो आणि ओरडलो, "सहा नंबर उठला!"

तुझी आई भाकरी थापत होती. म्हणाली, "आपल्या पोरीचा कोणता?"

"चार."

"मंग सहा कोणाचा?"

"तिच्या ऑफिसातल्या इंद्रकुमार सरांचा."

"मंग तुमी कायले नाचून राहिले?"

तुझी आई थोडक्यात बोलते, पण नेमकं बोलते.

दोन दिवस तू दिलेला प्लॉटच्या नोंदीचा फॉर्म पुढ्यात घेऊन बसलो. एक फॉर्म भरलाही: बाकीच्या वाणांना मर रोग, चार नंबर निरोगी. खाली सहीसुद्धा केली. मग तो चुलीत घातला. आता सोबत पाठवतो आहे तो खरा आहे. पाणी किती दिवस होतं, कोणामुळे होतं, कोणता वाफा उंचावर होता, सगळं लिहिलं आहे. उठलेल्या झाडांची पानं वेगळ्या पुडीत आहेत. साहेब लोक प्लॉट बाद करतील तर करोत, पण सहा नंबर पुन्हा एकदा पाण्यात उभा करून बघा म्हणावं.

काळ्या मातीत तुझा चार नंबर जिंकेल, मला खात्री आहे. इथे तो आमचा नाही. हे तुला सांगताना बाप म्हणून फार वाईट वाटतं, आणि शेतकरी म्हणून एवढा आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. दोन्ही एकदमच होतं आहे, मी तरी काय करू?

एक मागणं आहे. बैठकीत आमच्या पट्ट्यासाठी सहाचं नाव निघेल, तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको. तूच घे.

तुझ्याविरुद्ध साक्ष देऊनही तुझाच,
बाबा