माझ्या ताताला निखाऱ्यावर टाकू नये

अल्लाहच्या नावाने. मी रक्कोश बिन्त अल्लाल, मयत बुजमाची बायको, राहणार अझेमूर, नदीकडच्या दरवाजाशेजारी. पाय गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहवून घेते. दडपण आहे ते फक्त वेळेचे.

कलम १. घर मुलगी तामो आणि भाऊ अब्बास यांना, शरियत सांगेल तसे. आजारपणात भावाने तोंड दाखवले नाही, पण हिस्सा घ्यायला तो बरोबर येईल. त्याला चहा द्यावा, साखर बेताची.

कलम २. इच्छेने देता येतो त्या तिसऱ्या हिश्श्यातून माझी भरतकामाची चौकट आणि सगळे रेशीम शेजारीण दावियाला. जीभ तिखट, पण मला न्हाऊ घालते तीच.

कलम ३. अंगणातल्या लिंबावर राहणारा माझा रंग बदलणारा सरडा, ताता. खरे तर त्याच्यासाठीच हा कागद. लिहून घेणारे जिलाली म्हणाले, "खाला, मृत्युपत्रात सरडा? अहो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत." मी म्हटले, "माझी तरी कुठे त्यापुढे आहे? लिहा."

ताता वाटीतले पाणी पीत नाही. सकाळी पानांवर शिंपडावे, थेंब चाटतो. माश्या स्वतः पकडतो, थंडीत मात्र टोळ आणून द्यावेत. काळा पडला तर गारठलेला किंवा रागावलेला असतो, हात लावू नये.

कलम ४. दावियाला विचारून पाहिले. म्हणाली, "एक डोळा माझ्यावर, एक माझ्या नवऱ्यावर ठेवणारा पाहुणा मला नको गं बाई." भाऊ त्याला जादूटोण्याचे सामान ठेवणाऱ्या मसालेवाल्याला विकेल, आणि तिथून तो कुणाच्या तरी शेगडीतच जाईल. उरली तामो. आणि मला भीती आहे ती तिचीच.

हिवाळ्यात तिचा नवरा द्रीस घर सोडून गेला. तिने शेगडी आणून अंगणात ठेवली आहे. मला तोंडावर म्हणाली, "आई, सगळ्याच बायका करतात. सरडा जाळला की त्या धुरामागे नवरा परत येतो. तू गेल्यावर ताताला कोण बघणार आहे?"

तामो, मला उठता येत नाही, तुझा हात धरता येत नाही. तुझ्यापुढे पदर पसरते.

कलम ५. हे तुला कधी सांगितले नाही. तुझे वडीलही असेच गेले होते. माझ्या आईने मला न विचारता सरडा जाळला आणि बुजमा खरोखरच परत आला. चांगला वागला, मरेपर्यंत. पण जेवायला बसला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची: हा माझ्यासाठी आला, की धुरामुळे? विचारायची छाती झाली नाही. आता विचारायला तोही नाही.

कलम ६. ताताला जगव. द्रीस आला तर स्वतःच्या पायांनी आलेला असेल, आणि तुला ते ठाऊक असेल. नाही आला, तर पानांवर पाणी शिंपडायला तरी तू सकाळी उठशील.

अंगठा: रक्कोश बिन्त अल्लाल
साक्षीदार: जिलाली बिन हम्मू (लिहिणार), मुस्तफा लहरीझी
अझेमूर, शुक्रवार, २७ जून १९८६

लिहिणाऱ्याची नोंद, बाईंच्या आग्रहावरून: मजकूर वाचून दाखवला तेव्हा मुलगी तामो दारात उभी होती. ऐकून आत गेली. शेगडी अजून अंगणातच आहे.