जंबो आणि क्षितिजाचा मामा

पेणकरपाडा, मीरा रोड
१८ नोव्हेंबर २०२५

धाकू,

मोठ्या बहिणीने आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते, आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. तू बरा असणारच, तुला काय होतंय.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, मध्येच "ताई, ऐक ना" सुरू करतोस, म्हणून कागद घेतला. क्षितिजाच्या लग्नाची पत्रिका तुला मिळाली असेल. ती ह्यांनी पाठवली, मी पाठवली नसती. मामा म्हणून तुझं नाव छापायलाही ह्यांनीच दिलं. मंगलाष्टकांच्या वेळी मामाने मुलीला मंडपात आणायचं असतं. हे पत्र त्याबद्दल आहे.

बाकी ठीक. हॉल घोडबंदर रोडला मिळाला, चेणे गावाच्या अलीकडे. हे आता समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये लिफ्ट आणि पाण्याचे पंप बघतात. लिफ्ट अडकली की वॉचमन खालून "ओ साब, जल्दी आओ" ओरडतो आणि हे भरल्या ताटावरून उठतात. काम वाईट नाही. वाईट आहे असं मी कुठे म्हणतेय.

साखरपुड्याला तू काय बोललास ते तुला आठवतंय तरी का? व्याह्यांनी सहज विचारलं, जंबो विमान लोकांना एवढं आवडायचं, मग कारखान्याने बनवायचं बंद का केलं? झालं, तुझी गाडी सुटली. लोकांना आवडून काय उपयोग, विमान प्रवासी विकत घेत नाहीत, कंपन्या घेतात. चार इंजिनं म्हणजे इंधन जास्त, देखभाल जास्त. आता दोन इंजिनांची विमानंसुद्धा आरामात समुद्र ओलांडतात, आणि कमी माणसं घेऊन थेट छोट्या शहरात उतरतात. जंबो भरायला रोज चारशे माणसं आणायची कुठून? ऑर्डरी आटल्या की चार-दोन विमानांसाठी कुठलाही कारखाना एवढी माणसं आणि जागा अडकवून ठेवत नाही. व्याही मान डोलवत होते. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

मग तू ऐटीत म्हणालास, "आम्हाला ऑफिसात हे केव्हाच ठाऊक होतं. आपली क्षितिजा बारावीला होती ना, तेव्हाच आमच्या जंबो काढून टाकायचं ठरलं होतं."

धाकू, ती बारावीला होती त्या गणपतीत तू आमच्याकडे जेवायला बसला होतास. हे तेव्हा सहार विमानतळावर तुमच्याच कंपनीच्या जंबोंची दुरुस्ती-देखभाल बघायचे. लायसन जंबोचं, म्हणून काम फक्त जंबोचं. दोन इंजिनांच्या विमानाचा कोर्स कराल का, असं कंपनीने ह्यांना विचारलं होतं. ह्यांनी तुला विचारलं. आपल्या घरात काहीही असलं की धाकूला विचारा, धाकू हेडऑफिसात आहे. आणि तू मोदक फोडता फोडता म्हणालास, "भावोजी, जंबो कुठे जातेय? या वयात कशाला पुस्तकं घेऊन बसताय?"

ह्यांनी कोर्सची जागा दुसऱ्याला सोडली. पुढे तुमच्या जंबो गेल्या आणि ते लायसन घेऊन गेलेल्या ह्यांना कुणी दारात उभं करेना.

ऑफिसचं गुपित होतं म्हणशील. अरे, गुपित फोड असं तुला कोण म्हणालं? "करा कोर्स" एवढंच म्हणायचं होतं. नुसता गप्प बसला असतास तरी ह्यांनी केला असता. तू तोंड उघडून नको म्हणालास. का म्हणालास याचा मी फार विचार केला, तुझं काहीतरी कारण असेल म्हणून शोधत बसले. आता वाटतं, कारण नव्हतंच. मोदक गार होत होता, तुला विषय संपवायचा होता, बस्स.

तू साखरपुड्यात हे सांगत होतास तेव्हा हे तुझ्याच पानात बासुंदी वाढत होते. ह्यांनी सगळं ऐकलं. व्याह्यांसमोर तुझ्याबरोबर हसलेसुद्धा. घरी आल्यावर मला म्हणाले, "उर्मिला, पोरीचं लग्न होऊ दे. त्याला काही बोलू नकोस." ह्यांनी तुला माफ केलंय. मी नाही. नोकरीचं मी एक वेळ गिळलं असतं, पण ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मला तुझा राग येतो, धाकू, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

क्षितिजाला यातलं काही माहीत नाही. ती दिवसभर मामा, मामा करत असते. साड्यांचे फोटो आधी तुला पाठवते, मग मला दाखवते. म्हणून तू लग्नाला ये. पुढच्या रांगेत बस, अक्षता टाक, जेवून जा.

मुलीला मंडपात मी आणणार आहे. काल भटजींना सांगून आले. ते म्हणाले, "अहो वहिनी, मामा हयात असताना?" मी म्हटलं, "हयात आहे, म्हणूनच."

क्षितिजाला मात्र हे तू सांगायचंस, मी सांगणार नाही. काय सांगायचं ते तुझं तू बघ. तू म्हणशील ते ती ऐकेल. तिच्या बाबांनीही ऐकलं होतं.

क्षितिजाची आई,
उर्मिला