एका खोक्यात दोघांचा खेळ

प्रिय घुम्या,

तुमच्या कंपनीने ऐन सुट्ट्यांच्या तोंडावर टीव्हीवर खेळायच्या गेमिंग कन्सोलची किंमत पाडली आणि इकडे सगळ्यांचं धाबं दणाणलं. हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरते, हे आता तुमच्याकडेही, वर आमच्यापेक्षा स्वस्त! साहेब म्हणाले, "आपणही उतरवू." किंमत ठरवणं माझं काम. पण आम्ही उतरलो की तुम्ही आणखी उतरणार. तिकडे बसलेल्या तुला मी ओळखत नाही का? एकाच टेबलाशी समोरासमोर बसून हे शिकलो आपण. तू तिकडे किमती ठरवायला गेल्यापासून तुमची प्रत्येक किंमत मी तुझं अक्षर वाचावं तशी वाचते.

संध्याकाळी दुकानात जाऊन उभी राहिले. एक आजी आमच्या मशीनवर टेनिस खेळत होत्या. काय तो आवेश! पर्स विक्रेत्याच्या गळ्यात, केस विस्कटलेले. मधेच आजोबांना म्हणाल्या, "अहो, या ना तुम्हीपण!" पण खोक्यात हातात धरून फिरवायचा कंट्रोलर एकच, दुसरा वेगळा विकत घ्यायचा. आजोबा हसले, "तू खेळ गं, मी बघतो." आजींनी लगेच कंट्रोलर खाली ठेवला. काही न घेता दोघं निघून गेली, आणि मला भर दुकानात भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी हटूनच बसले: किंमत तीच, पण खोक्यात दोन कंट्रोलर आणि सोबत टेनिसचा खेळ. हिशेब बघणारे म्हणाले, "आणि नफा काय माझ्या घरून आणू?" मी म्हटलं, "एकट्याने खेळायचं मशीन चार दिवसांत माळ्यावर जातं. दुसरा माणूस असला तरच ते दिवाणखान्यात राहतं." साहेबांना पटलं. सुट्ट्या संपायच्या आत दुकानांतली आमची खोकी संपली. सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि मी तुझ्या खुर्चीकडे बघत राहिले. तिच्यावर हल्ली फायली ठेवतात. मला ते बघवत नाही.

परवा तुमच्या कंपनीचा मला फोन आला. मोठं पद, तुझंच शहर, तुझाच मजला. मी नाही म्हणून कळवलं. तुझ्या कानावर आलंच असेल, आणि तू नेहमीसारखा मनातल्या मनात कुढत बसला असशील, म्हणून लिहितेय. त्यांनी बोलावलं म्हणून मला यायचं नाही रे. तू बोलावलंस तर पुढची गाडी पकडून येईन.

तुझीच, अजूनही,
बडबडी