भाव पडला की फोन येत नाही

मंगळवार, संध्याकाळ. पंचवटी.

आजही समीरचा फोन नाही. बिटकॉइन चढलं की पोरगा बेंगळुरूहून हमखास फोन करतो, "बाबा, मोठे फंड घुसलेत, बघा आता." पडलं की गप्प. आज त्या फंडांनी पैसे काढून घेतले, बातम्यांत सांगितलं. नामपूरला कांद्याच्या लिलावात असंच व्हायचं. मोठा व्यापारी पुढच्या ट्रॉलीकडे निघाला की बाकीचेही बोली लावायला कचरायचे, आणि मी आपला कांद्यापाशी एकटाच उभा. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलाय. मीच करू का? मागच्या वेळी केला, तर म्हणाला, "बाबा, आत्ता नको." डब्याकडेच बघत बसलो. माझा एक रुपया नाही त्यात. तरी आज देवापुढे दिवा लावताना तोंडातून निघालं, त्या फंडवाल्यांना परत येऊ दे.