ओव्याचा धूर

आई, माझी लेक बाळंतपणाला शेवगावला माझ्याकडे आली आहे. तुला पणतू झाला. बाळाचं सगळं ठीक आहे, रडते ती माझी लेक. ताटावर रडते, दुपटं बदलताना रडते. मी माझ्या पद्धतीने बोलून बसले, "सगळं हातात मिळतंय, रडायला काय झालं?" तेव्हापासून ती दार लावून घ्यायला लागली. परवा बाळ माझ्याकडे देताना म्हणाली, "मम्मी, मला हा आपला वाटतच नाही. दुसऱ्या कुणाचं सांभाळतेय असं वाटतं. मी वाईट आहे का?"

मला तुझी खोली आठवली. हिच्याच वेळचं माझं बाळंतपण. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा आणि शेपा, वर गोधडी पांघरून मी. पोरीला तू आधीच बाहेर दादांच्या मांडीवर नेऊन देतेस. धुराने डोळे वाहायला लागले की मला रडता येतं. त्या भरल्या घरात रडायला तेवढीच जागा आहे. मी बी.ए. झालेली, मला तो शेक अडाणीपणा वाटतो. "बास झालं," मी म्हणते. तू आणखी ओवा टाकतेस. "बस गुमान. आजून धूर हुऊ दे." आणि माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यात बसतेस. शेजारीण आली की तुझा आवाज येतो, "शेक चाललाय तिचा, मागून ये. का तुला बी शेकू?"

शेक इतका लांबत नसतो, हे पुढे दुसऱ्या बाळंतिणी पाहिल्यावर मला कळलं. तेव्हा तू हयात होतीस. विचारायचं राहून गेलं. तुझ्या वेळी उंबऱ्यात कुणी बसलं होतं का, हेही मला माहीत नाही.

काल लेकीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. असं होतं, बरंही होतं, म्हणाल्या; औषध दिलं. घरी आल्यावर मी तिच्या पलंगावर बसले आणि सांगितलं, "तुझ्या वेळी मलाही तू आपली वाटत नव्हतीस."

तिने मान वर केली. "मग कधी वाटायला लागले?"

"तुला दात येत होते. नक्की आठवत नाही."

"म्हणजे बऱ्याच उशिरा."

"उशिरा," मी म्हटलं. तिने दार उघडंच ठेवलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे. तू होतीस तेव्हाही घरी आलेलं पत्र तुला मीच वाचून दाखवायचे. खरं सांगते, हे तुझ्यासमोर वाचायची वेळ आली असती, तर लेकीला सांगितलेलं ते वाक्य मी गाळलं असतं.